सहा गाळ्यांची खोली

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इथे आल्याला तीन आठवडे झाले आणि पत्र आज लिहितेय, म्हणून आधी कान धरते. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू जायचं म्हणजे मला चौकात उभं राहून ओरडायला हवं. लोकांनी फोनवर बोलावं म्हणून आपण जन्मभर जमिनीत केबलचे पाइप पुरायचे आणि आपण मात्र पोस्टाच्या पेटीत पत्र टाकायचं, हे दादाला भारी विनोदी वाटतं.

योगायोग असा की माझी नेमणूक त्याच्याच लाइनीवर झाली. तो मुकादम आणि मी मोजणीवाली. तो चर खणून पाइप टाकणार, मी खोली तपासून तक्त्यावर सही करणार आणि मगच चर बुजणार. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्या गँगला सांगितलं की ही माझी धाकटी बहीण, हिचं नाव फूटपट्टी, लहानपणी भाकरीसुद्धा मोजून खायची. माणसं अजून हसतात. हसोत.

काम रस्त्याच्या कडेनं आहे. पाइप एकशेवीस सेंटिमीटर खाली, वर मातीचा थर, त्यावर पिवळी इशारापट्टी, मग भराव. दर दोनशे मीटरवर चेंबर. दोन चेंबरमधल्या तुकड्याला इथले लोक गाळा म्हणतात. सहा गाळे झाले. दादा तुमचीच काठी वापरतो, निवृत्त होताना तुम्ही त्याला दिलेली, खाली लोखंडी टोपण असलेली. चरात उभी धरली आणि वरची खाच जमिनीच्या पातळीला आली की झालं. माझ्याकडे टेप आहे, पण तुमच्या काठीवर टेप लावायचा म्हणजे मला कसंसंच झालं. सहाही तक्त्यांवर सही केली.

आईला सांगा, खोली कोरडी आहे आणि पांघरूण पुरतं. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमची,
फूटपट्टी

१० मार्च

चि. फूटपट्टीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं दोनदा वाचून घेतलं, दुसऱ्यांदा पांघरुणाचं तेवढंच. माझे कान आहेत तसेच आहेत. वीस वर्षं खडक फोडणाऱ्या ब्रेकरशेजारी उभं राहिल्यावर कानांनी तरी किती ऐकायचं?

तुम्ही दोघं एका चरावर, हे ऐकून छाती भरून आली. मंगळवारी नि शुक्रवारी कारागिरांच्या शाळेत शिकवायला जातो, तिथे सगळ्यांना सांगितलं. पहिला धडा माझा नेहमीचाच. भिंत वाकडी झाली तर जगाला दिसते. जमिनीखालची खोली फक्त आपल्याला माहीत असते, म्हणून तिथेच माणसाची पारख होते.

दादाला म्हणावं, बहिणीची टिंगल पुरे. आमचा जीव तुमच्यात आहे, हे विसरू नका.

तुझे,
बाबा

१९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

पहिली सहा चेंबरं विटांची होती. पाइप येईल तिथे गवंडी भोक ठेवायचा. सातव्यापासून काँक्रीटच्या तयार पेट्या आल्या. त्यांना पाइपची भोकं कारखान्यातच पाडलेली असतात. पेटीचा खड्डा यंत्रानं, लेव्हल लावून खणला. पेटी खाली बसली आणि आमचा पाइप भोकाच्या जवळजवळ वीतभर वर आला. दादानं आधी पेटीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. मग खड्डा चुकला म्हणून यंत्रवाल्याशी भांडला. मी दोन्ही गोष्टी पुन्हा मोजल्या. दोन्ही बरोबर होत्या.

मग मी तुमच्या काठीला टेप लावला. एकशेवीसची खाच एकशेदोनवर आहे.

 दादानं माझ्या हातातून टेप घेऊन तीनदा लावला. मग म्हणाला, काठी झिजली असणार, इतकी वर्षं खडकावर आपटलीय. मीही तेच धरून चालले होते. पण बाबा, खालचं लोखंडी टोपण शाबूत आहे. झिजायचं तर आधी ते झिजलं असतं. ते उपसून पाहिलं, तर आत लाकडाचं टोक करवतीनं सरळ कापलेलं दिसतं. हे मी दादाला दाखवलं नाही.

सहा तक्त्यांवर माझी सही आहे. एवढ्याशा खोलीवर उद्या पाणीवाल्यांची पहार पडली तर केबल तुटेल, या रस्त्यावरचं इस्पितळ आणि अग्निशामक दल मुके होतील. सगळं जग तपासणारी मी एक काठी तपासली नाही, कारण ती तुमची होती. पुढच्या शनिवारी साहेबांना तक्ते द्यायचे आहेत. त्याआधी मला फक्त खरं काय ते कळवा. रात्री अंथरुणावर पडलं की आकडेच दिसतात.

तुमची,
फूटपट्टी

२४ मार्च

चि. मुलीस आशीर्वाद.

तू यंत्रं आल्यावर या धंद्यात आलीस. ब्रेकर येण्याआधी आम्ही पहारीनं खडक फोडला आहे. दिवसाला चार हात चर निघायचा, हातांची सालं निघायची. साहेब गाडीतून उतरायचा, काठी बघायचा आणि जायचा. गँगमधल्या माणसांची पाठ मोडायची की लाकडाचा एक तुकडा, एवढाच प्रश्न होता. त्यातली एकही केबल आजवर तुटलेली नाही. आणखी खुलासा मी पोटच्या पोरीला देणार नाही.

आता काय करायचं ते ऐक. सहा गाळ्यांवर वरून मुरमाचा भराव चढवून घ्या, खोली आपोआप भरून निघेल. सातव्यापासून टेपनं मोजा. काठी जाळून टाक. दादाला काही कळू देऊ नकोस, तो माझ्याकडे बघूनच या धंद्यात आला. काठी कुणाची हे बाहेर फुटलं तर माझ्या सगळ्या जुन्या लाइनी उकरतील. शाळेत कुठल्या तोंडानं उभा राहू? ज्या घरानं तुला मोजायला शिकवलं, त्याच घराला माप लावू नकोस.

बाबा

२७ मार्च

फूटपट्टे,

समोरासमोर बोललो तर तू रडशील आणि मला शिव्या सुचतील, म्हणून लिहितो. बाबांचं पत्र तू वहीत लपवलंस, पण तुला तोंड कुठे लपवता येतं? वाचलं मी.

मुरमाचं डोक्यातून काढ. रस्त्याची पातळी ठरलेली आहे, वर चढवलेलं सगळं ते खरवडून नेतील. हे बाबांनाही माहीत आहे. सकाळी साहेबांकडे जाऊन आलो. सांगितलं की सहाही गाळे उथळ आहेत, काठी मीच कापली आणि बहिणीला फसवून तिच्या सह्या घेतल्या. ते म्हणाले, तसं लिहून दे आणि मोजणीवालीची साक्षीदार म्हणून सही आण.

तू जन्मात खोटं लिहिलं नाहीस, ठाऊक आहे. पण मी अजून तिशीतला आहे, मला पुन्हा उभं राहता येईल. त्या म्हाताऱ्याकडे त्या वर्गाशिवाय काय उरलंय? कागद सोबत आहे. खालच्या ओळीवर सही कर. आणि माझ्याशी यावर वाद घालू नकोस, तू जिंकतेस.

तुझा,
दादा

९ एप्रिल

ती. बाबांस,
नमस्कार.

दादानं तुम्हाला काही कळवलं नसेल, म्हणून मी कळवते.

पहिले सहा गाळे पुन्हा उकरायचं काम सुरू झालंय. मुकादम नवीन आहे. दादाला काढलं नाही, मजुरांत घेतलं. तो रोज पहार घेऊन स्वतःच्याच चरात उतरतो. गँगमधले जे त्याला दादा म्हणायचे, ते आता करवत म्हणतात. तोही हसतो.

त्याच्या कागदावर मी दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली. काठी आपणच कापली आणि मला फसवलं, असं त्यानं माझ्यासमोर कबूल केल्याचं त्यात लिहिलंय. मोजमापात एका सेंटिमीटरचंही खोटं लिहायचं नाही म्हणून मी तुम्हाला जाब विचारला, आणि शेवटी माणसाबद्दल अख्खं खोटं लिहून दिलं. ते कुणी टेप लावून तपासणार नाही.

काल साहेब आले होते. सगळ्यांना चराच्या काठावर बोलावून म्हणाले की हिनं साक्षीची सही करताना सख्ख्या भावाचीही गय केली नाही, अशी माणसं हवीत. मला बढती दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा छातीएवढ्या खड्ड्यात उभा होता. पहार भिंतीला टेकवून, हातांची माती झटकून त्यानंही वाजवल्या.

तुमचा वर्ग चालू ठेवा, त्याची किंमत देऊन झाली आहे. आईला नमस्कार सांगा. माझ्यासाठी आशीर्वाद लिहायला घेतलात, तर पाकिटावर पत्ता दादाचा घाला.

आपली,
मुलगी