टाकलेली भुजा

देवपूर, धुळे
३ नोव्हेंबर १९५५

साक्रीच्या शाळेतला तो जुना सूर सकाळपासून कानात आहे. समुद्राची कविता, आणि अख्खा वर्ग हेल काढून, डुलत डुलत म्हणतो आहे. जन्मभर मी लाटा शिकवल्या, समुद्र काही पाहिला नाही. आता म्हातारपणी समुद्रच बरण्यांत बसून खानदेशात आला! इथल्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या काबरेसरांना बरण्यांवर मराठी चिठ्ठ्या हव्यात, वळणदार अक्षरात. त्यासाठी मला बोलावलं, राहायला मागची खोलीही दिली. शिपाई झुलालने पेटी आणून ठेवली, चहा केला. तारामासा दाखवून म्हणाला, "आबा, हाई ते दिवाळीनी चांदनी शे! याले तोंड कोठे?" तोंड खाली असतं, मी म्हटलं. "मंग बोलस कसा?" दोघंही पोट धरून हसलो.

९ नोव्हेंबर

सर सांगतात, मी लिहितो. या साऱ्यांचं कुळ कंटकचर्मी : कातडीत चुन्याचे कण, वर काटे. त्यांचे पाच वर्ग. भंगुरतारा आणि समुद्रकमळ ही नावं माझी. सर खूश झाले. तारामाशाला मेंदू नाही. भुजांच्या टोकांना तांबडे ठिपके, त्यांना उजेड कळतो. तळाशी नळीसारखे असंख्य पाय, ते चिकटतात. पिलाला आपल्यासारखं डावं-उजवं असतं, मोठेपणी ते हरवतं. संकट आलं की भुजा टाकून निसटतो. काही जातींत तर त्या टाकलेल्या भुजेलाच उरलेलं अंग फुटतं. मग खरा कुठला, मी विचारलं. सर हसले. म्हणाले, हा प्रश्न तुमच्या कवितेचा, आबा. आमच्याकडे दोन्ही खरे.

१४ नोव्हेंबर

समुद्रकमळ एकच होतं. बारीक देठ, वर पिसांसारख्या भुजा. उन्हात कसं दिसतं पाहावं म्हणून बरणी खिडकीशी नेली. मनात ओळी जुळत होत्या. बरणी निसटली. कमळाचा भुगा झाला.

पुढच्या महिन्यात विद्यापीठाची माणसं तपासणीला येणार आहेत. सर धावत आले, कोणी फोडली म्हणून ओरडले. झुलाल फडकं घेऊन काचा गोळा करायला वाकलाच होता. मी नुसता उजवा हात उचलला आणि बोट त्याच्याकडे केलं.

त्याने वर पाहिलं. "आबा?" एवढंच म्हणाला.

१५ नोव्हेंबर

झुलालला कामावरून काढलं. त्याची बायको कमलबाई माझ्याकडे आली, नवऱ्याबद्दल म्हणाली, "त्या खोटं बोलाव नहीत, आबा. तुम्ही सरले सांगा ना." उद्या सांगतो, मी म्हटलं. तिने वाकून नमस्कार केला. पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही मला.

१८ नोव्हेंबर

सांगितलं नाही. सरांच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो.

उजव्या हाताची कातडी खरखरीत झाली आहे. आत खडूच्या भुकटीसारखे कण लागतात. मनगटावर बारीक काटे. उपरण्याखाली लपवून ठेवतो.

२१ नोव्हेंबर

टाक तळव्याला चिकटून बसतो, सुटत नाही. डोळे मिटले तरी खिडकी दिसते. बोटांच्या टोकांना दिसते. तिथे तांबडे ठिपके आले आहेत.

हात आपला आपण उठतो. सरांच्या खोलीकडे बोट करतो, मग माझ्या छातीकडे. त्याला सांगायचं आहे. मी त्याच्यावर बसून राहतो.

२३ नोव्हेंबर

बाहेर सरांची पावलं वाजली. हात उठला, दाराकडे निघाला. मी डाव्या हाताने धरून मागे ओढला — कोपरापासून सुटून आला. रक्त नाही. दुखलं नाही. सुटलो असं वाटलं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

पंच्यात गुंडाळून पांझरेच्या डोहात टाकला. पाण्यात तो बुडाला नाही, चालत गेला.

२५ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितो आहे. दार लावून. बाही रिकामी.

दोरीवरचं धोतर नाही. सदरा, टोपी — काहीच नाही. अंगणात ओली पावलं. माणसाची.

२८ नोव्हेंबर

सर खिडकीशी येऊन गेले. मी अंधारात सरकून बसलो. म्हणाले, काल तुम्ही येऊन सगळं कबूल केलंत, आबा, फार बरं वाटलं. झुलालला परत बोलावलं आहे.

काल मी या खोलीतून — मी बाहेर पडलोच नाही.

२९ नोव्हेंबर

दार वाजतंय. झुलाल असेल, त्याचं हसू ओळखीचं — बरोबर कोणीतरी आहे. समुद्राची कविता म्हणतंय, हेल काढून. आवाज माझा.

फटीतून पाहिलं. माझी टोपी. माझं तोंड. दोन्ही हात धड —

कडी हलते आहे. झुलाल फटीतून आत पाहत विचारतोय, "आबा, मझार कोन शे?"

तो म्हणतो, कोणी नाही रे. टाकून दिलेलं —