तळातली ज्वारी

१४ सप्टेंबर
उदगीरहून बंद खाणीच्या साइटवर. दोन दिवसांच्या पावसानं उताराची पार वाट लावलीय. गेल्या महिन्यात बोटभर होत्या त्या घळींत आज माझा पाय घोट्यापर्यंत गेला. मातीत ठोकलेली सळई जितकी उघडी पडेल तितकी माती गेली, असं साधं गणित. मधल्या रांगेतली एक सळई तर आडवीच पडलेली. आता मोजू काय, कपाळ? करंजाची रोपं मुळ्या उघड्या टाकून उभी. गवताचं बी दुसऱ्यांदा टाकलेलं, तेही गेलं.

खाण बुजवताना वरची काळी माती परत अंथरायची होती. ती कुठल्या वीटभट्टीत गेली, कुणी सांगत नाही. खाली नुसता मुरूम, त्यावर दुधावरच्या सायीएवढी माती. आणि आमचं काम काय, तर तिथं जंगल उगवतंय का ते बघणं.

सरांना फोन. "धरेल हो हळूहळू." नोकरी लागल्यापासून हेच ऐकतेय.

५ ऑक्टोबर
उतारावरून वाहून आलेला गाळ अडवायला खड्ड्याच्या तळाशी तळं केलंय. ते गाळानं भरत आलंय. आज बघते तर त्या ओल्या गाळात गंगव्वा ज्वारी टोकत बसलेली. जमीन तिचीच. खाण संपली की शेत करून परत देऊ, या बोलीवर नवऱ्यानं खाणीला दिली होती. नवरा वारला. खाणवाला धंदा गुंडाळून गेला, फोन उचलत नाही. ही मागं राहिली.

"अव्वा, इथं पेरायला मनाई आहे."

"कुणी केली मनाई? तुझ्या त्या झाडायनी?"

झाडं कशाला मनाई करतील, ती स्वतःच मरायला टेकलीत. भांडायचं त्राण नव्हतं. वळले आणि सळया मोजत बसले.

२२ नोव्हेंबर
रस्त्यावरून हिरवं दिसलं. वाटलं, धरलं एकदाचं! जवळ गेले तर गंगव्वाची ज्वारी. कमरेएवढी, काळपट हिरवी, दृष्ट लागावी अशी. वर उतार उघडाबोडका. वरची माती खाली आली म्हणूनच हे पीक. मी जे जे नुकसान म्हणून लिहिलं ते इथं डोलत होतं. हसावं की...

सगळे फोटो पाठवले. सरांनी उताराचे बाजूला काढले. "हा खालचा झकास आलाय, हाच टाकू अहवालात."

"सर, ती उतारावरून गेलेली माती आहे."

"माती ती मातीच, मॅडम."



३० डिसेंबर, वेळ अमावस्या
आमच्या अर्धापूरकडं या सणाचं, येळवशीचं, एवढं नाही. इथं मात्र गावं ओस आणि रानं भरलेली. गंगव्वा कपाळभर विभूती लावून, डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन खड्ड्यात उतरली. मागं मुलगा, सून, नातवंडं. कडब्याची खोपटासारखी कोप केली. पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले. दगड कुठले, तर उतारावर माती अडवायला मीच रचून घेतलेल्या बांधाचे! सणासुदीला देवाचे दगड उचलायला कोण सांगणार?

ज्वारीभोवती आंबील शिंपत ती फिरली. मला बळंच जेवायला बसवलं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जीला खरंच तोड नाही. खाण लागल्यापासून पहिल्यांदा आपल्या रानात येळवस, म्हणून म्हातारी सारखी पदरानं डोळे पुसत होती.

"रान जागं झालं बग पोरी. पुढल्या साली वरबी नांगर घालते."

हातातला उंडा ताटात ठेवला. वर नांगर घातला तर एका मोठ्या पावसात सगळा उतार खाली येईल, बरोबर या कोपीवर.

९ जानेवारी
सरांचा फोन. खुशीत. काम पूर्ण म्हणून मान्य होणार, वीस तारखेला सरकारी साहेबांची पाहणी आणि तिथंच जमीन गंगव्वाच्या ताब्यात. त्यानंतर उतार ढासळला तर ती आणि तिचं नशीब. मी पाहणीत तोंड उघडलं तर जमीन पुन्हा अडकणार. गाळाचं तळं उपसायला जेसीबी येणार, ज्वारीसकट. आणि दुरुस्ती करायला खाणवाला कुठाय? इकडे आड तिकडे विहीर. दोन्हीकडं तीच बाई पडणार.

मला या कामाचा वीट आलाय.

१७ जानेवारी
तिला सांगूनच टाकलं. ती पाखरं हाकत बसली होती. जवळ बसले आणि सगळं सांगितलं: माती कुठली, वर काय उरलंय, नांगर घातला तर काय होईल.

"मंग काय करू म्हणतीस? अजून थांबू?"

"दुरुस्ती होईपर्यंत."

"कोण करायलंय दुरुस्ती?"

मी फोन काढला, खाणवाल्याचा नंबर बघितला, परत ठेवला.

"मी मेल्यावर येळवस करू व्हय गे? तू दिसायला आमची, बोलायला त्यायची." ती परत पाखरं हाकायला लागली. मी उठले तेव्हा म्हणाली, "सोमवारी सायबायपुढं तोंड उघडू नको. माझं मी बगते."

एरवी निघताना हातावर काहीतरी ठेवते, हुरडा नाहीतर बोरं. आज नाही. बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं पाणी दिलं.

१९ जानेवारी, रविवार
लातूरच्या खोलीवर. दिवसभर पडून. मी गप्प बसले तर ती सुखानं नांगर घालेल, आणि पावसाळ्यात त्या उताराखाली सगळी पोरंबाळं खेळत असतील. बोलले तर तिच्या हातातलं रान मीच काढून घेतलेलं असेल.

संध्याकाळी तिच्या मुलाचा फोन. "म्याडम, अव्वा इचारायली, उद्या यायल्या का? न्हाई आल्या तरी चालतंय म्हनली."

येते, म्हटलं. तो तिकडं वळून तिला सांगायला लागला. ती काय म्हणते ते ऐकायचा धीर झाला नाही, मीच फोन ठेवला.