फायलींखालचं उखळ

मरोळ, ७ फेब्रुवारी १९८३

ती. उत्तराताईस लहूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत. ठीक काही नाही. कचेरीच्या आवारातली आपली खोली पंधरा दिवसांत सोडा, अशी नोटीस आलीय. बाबांनी इथे शिपायाची नोकरी केली, आता मी करतो, तरी ही खोली सरकारी निवास असल्याचा पुरावा मागतात. बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना नेऊ कुठे? सरकारी इमारतींतल्या जुन्या निवासांचा इतिहास शोधायचं काम तुझ्याच टेबलावर आहे ना? मग आपलंही शोध की गं.

तुझ्या भरवशावरचा,
लहू

मुलुंड, १२ फेब्रुवारी

चि. लहूस अनेक आशीर्वाद.

मूळ नकाशा सापडला, पण तो आपल्याच विरुद्ध जातो. शिपायाचं निवास आहे, पण पूर्वेला. आपली पश्चिमेची खोली नकाशात रेकॉर्ड रूम आहे! आमचे साहेब एकवीस तारखेला तपासणीला येताहेत. नातं मी त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, दिसेल तेच लिहायचं. भावाचं घर माझ्याच अक्षराने जाणार का रे? बाबांना नीट विचार. तुझ्या मालनला सांग, एवढ्यात सामान बांधू नको.

काळजीत असलेली,
ताई

मरोळ, १६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

बाबा बोलले. आपण आधी पूर्वेलाच राहत होतो. तू तान्ही असताना ती खोली गळायला लागली. तेव्हाचे इथले साहेब म्हणाले, पोर भिजण्यापेक्षा फायली भिजू देत, आणि अदलाबदल केली. छप्पर पुढे दुरुस्त झालं, पण अदलाबदल तशीच राहिली. लेखी मागणं बाबांना उद्धटपणाचं वाटलं. वाट लागली ना आपली! पण आईने पूर्वेच्या खोलीत जमिनीत उखळ पुरून घेतलं होतं, ते तिथेच राहिलं. मी आज वाकून बघितलं, नुसते गठ्ठे. कोणी बुजवलं असेल तर?

बाबांचा आशीर्वाद.
लहू

मुलुंड, २२ फेब्रुवारी

चि. लहूस आशीर्वाद.

काल तू गठ्ठे उचलत होतास, साहेब घड्याळ बघत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. कोपऱ्यातल्या शेवटच्या गठ्ठ्याखाली दगडाची कड दिसली तेव्हा मला रडू आवरेना. साहेबांनी धूळ उपसून आत हात घातला. तू बाबांना सांगायला धावलास, म्हणून पुढचं लिहिते. साहेब म्हणाले, फायलींना भात कांडावा लागत नाही. माणसं इथे आणा, फायली तिकडे न्या.

आज नोंद केली. पुराव्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'आईचं उखळ'. साहेबांनी त्यातलं 'आईचं' तेवढं खोडलं आणि सही केली.

माया अशीच राहू दे.
ताई