बॅकअपलाही दर्जा हवा

११ ऑक्टोबर
ऑक्सफर्डचा अर्ज गेला. विषय इतिहास. एकूण पाच विद्यापीठं टाकता येतात. बाकीची चार नुसती रकाने भरायला. शाळेतल्या ब्लोर मिस म्हणाल्या, एलियट, घराजवळचंही टाक, तिथे तिन्ही विषयांत बी ग्रेड पुरते. टाकलं. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा.

९ डिसेंबर, दुपार
लॅपटॉपवर मुलाखत झाली. सर्वांनाच वाटतं तितकी अवघड नसते. दोघा प्राध्यापकांनी विचारलं, अर्जात लिहिलेल्या सोळा पुस्तकांपैकी कुठलं पटलं नाही? म्हटलं, सगळी पटली. दोघांनीही घड्याळाकडे बघितलं. भारावले असावेत. आई ओटकेकच्या, म्हणजे ओटच्या धिरड्यांच्या, दुकानातल्या कामावरून नुकतीच आली होती. दारातून हे बघून म्हणाली, भारावलेला माणूस घड्याळ बघत नाही.

१४ जानेवारी, ११.२०
नकार. ‘यंदा स्पर्धा फार होती’ म्हणे. म्हणजे मी अगदी काठावर होतो.

११.४०
मेल पुन्हा उघडला. तोच मजकूर.

१.१५
तोच. डोळे चुरचुरतायत. स्क्रीनमुळे.

३ जून
ऑक्सफर्ड सोडून बाकी चौघांनी परीक्षेतल्या ग्रेडच्या अटीवर जागा देऊ केली, उत्तर द्यायची आज शेवटची तारीख. पहिली पसंती आणि एक बॅकअप ठेवायचा, बाकीच्यांना नकार कळवायचा. पहिली पसंती लंडन, तीन ए हवेत. बॅकअप डरहॅम, त्यांना त्याहून जास्त हवेत. ब्लोर मिसनी डोक्याला हात लावला. अरे, पहिलं हुकलं तर त्याहून अवघड कसं मिळेल? म्हटलं मिस, बॅकअपलाही काही दर्जा हवा. घराजवळच्यांना नकार कळवला. एका क्लिकचं काम. आई म्हणाली, दर्जा तव्यावर टाकून खा आता. तरी संध्याकाळी हॉस्टेलसाठी किटली आणि रजई घेऊन आली.

१४ ऑगस्ट, ८.०५
निकाल लागला. ए, बी, बी. लंडन नाही. डरहॅम नाही. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. तरी नाही.

१०.३०
उरलेल्या जागांसाठी फोन करत सुटलोय. तीन ठिकाणी इतिहास भरलेला. शेवटी घराजवळच्यांना लावला, पाऊण तास संगीत ऐकलं. बाईंनी नाव शोधलं आणि विचारलं, जूनमध्ये तूच नको म्हणालास ना? हो म्हटलं. का म्हणून विचारलं. थाप सुचेना. म्हटलं, मी स्वतःला फार हुशार समजत होतो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाई हसल्या नाहीत. जागा दिली. हॉस्टेल मात्र भरलंय.

२२ सप्टेंबर
पहिला दिवस. किटली घरी माझ्या खोलीतच लावली, जिने उतरायचा वेळ वाचतो. आईची आणि माझी बस एकच. तिने भर बसमध्ये माझ्या दप्तरात ओटकेक कोंबले. पुढच्या सीटवरची मुलगीही इतिहासालाच निघाली. म्हणाली, लहानपणापासून इथेच यायचं होतं. तुझीही पहिली पसंती हीच का?

हो म्हटलं.

आई खिडकीबाहेर बघत राहिली.