सरांची शिफारस

चि. धाकटीस, दादाचे आशीर्वाद.

तुझी लेक इथे सुखरूप आहे. जेवतेही, जरा कमी. तुझा गुडघा काय म्हणतो?

एम.टेक.च्या प्रवेशाला नुसते गुण पुरत नाहीत म्हणे, शिकवलेल्या सरांची शिफारसही लागते. गेलो पोरीला घेऊन त्या महाशयांकडे. मान वर न करता तिला म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे म्हणे गुरू!

पोरीने लिहिलं, 'विद्यार्थिनी बरी आहे.'

"अगं, भाजीवाला शिळ्या भाजीचंही याहून जास्त कौतुक करतो!"

"मामा, स्वतःलाच हुशार कसं म्हणू?"

शेवटी मी सांगितलं, तिने लाजत उतरवलं. सरांनी न वाचता सही ठोकली. प्रवेशखिडकीतल्या शहाण्याने फक्त शिक्का पाहून अर्ज घेतला. एवढे शिकलेले, पण वाचायचा आळस!

आता निकालाची वाट बघताना ही सारखी 'आपली लायकीच नाही' म्हणते.

त्या शिफारशीतलं एक वाक्य तुला धाडतो: 'काम फसलं तर सबब सांगत नाही, पुन्हा करून बघते.' फोनवर तिला वाचून दाखव. माझ्या तोंडून तिला ते मामाचे लाड वाटतात.

तुझा,
दादा