वाळूतला लेपो

मालवण, १९६२

ता. २२ जुलै, रवि.
काचेची पेटी शाळेतून आणून पडवीत ठेवली. हेडमास्तरांचा हुकूम: पंधरा ऑगस्टच्या पाहुण्यांना समुद्रातला जिवंत मासा दाखवायचा. शास्त्र शिकवतो म्हणून मासेही मीच पोसायचे! तळाला खाडीची काळी वाळू घातली, वर समुद्राचं पाणी. संध्याकाळपर्यंत पाण्याची पेज. आबा झोपाळ्यावरून: "झिला, मासो खंय आसा? चिखल पोसतंस काय रे?"

ता. २५
काळी वाळू उपसली. काय तो वास! सौ.ने नाक धरून तीच नेली आणि टोप घासले. चिवल्याच्या किनाऱ्यावरून पांढरी, बारीक वाळू आणली. धुतली, परत धुतली, अजून पाणी पांढरंच. सौ. म्हणते, एवढे तांदूळ कधी धुवून दिले असतेत तर...

ता. २७
पाणी नितळ. खाडीत जाळं टाकणाऱ्या बाबल्याने जिवंत लेपो दिला. तळहाताएवढा, भाकरीसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. सोडल्याबरोबर अंग झटकलं, वाळू पांघरली, नुसते डोळे वर. मी चक्क टाळ्या वाजवल्या! जाड वाळूत हे जमलं नसतं. आबा बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "तव्यार बरोबर मावतलो."

ता. १ ऑगस्ट
श्रावण लागला. सौ.ने सुकी मासळी डब्यांसकट माळ्यावर टाकली. लेप्याला रोज चिमूटभर सुका जवळा लागतो, पण ती शिवायला तयार नाही. "महिनाभर त्यालाही उपास घडू दे." आबा मध्ये पडले. "माशाक खंयचो श्रावण? मी घालतंय."
आई गेल्यापासून आबांचा श्रावण कडक, कांदासुद्धा नाही. तरी आपणहून जवळ्याला हात लावायला तयार झाले. बरं वाटलं. म्हणजे, आज तरी.

ता. ११, शनि.
लेपो दिसत नाही. कालही नव्हता. पेटीवर फळी असते, मांजराची बिशाद नाही. वाळू ढवळून बघावी तर पाणी दोन-तीन दिवस गढूळ, आणि बुधवारी पाहुणे. आबांच्या बोटांना जवळ्याचा वास, तो रोजचाच. पण दुपारी आबांनी ढेकर दिला. दुधीच्या भाजीवर असा ढेकर? माझं डोकं फिरलं. बोलून गेलो, "आबा, खाल्लात ना?"
आबांनी ताट सारलं. "तुझ्या बापाशीन कधी श्रावण मोडूक नाय." सौ. माझ्याकडे अशी बघत होती, जसा काही मीच खाल्लाय.

ता. १३
आबांचा अबोला. कुत्र्याशी मात्र बोलतात, मला ऐकू येईल असं. "मोत्या, तू तरी माझ्यावर इश्वास ठेवतंस मां रे?" जवळा आता मीच घालतो. कोणाला, देव जाणे.

ता. १५, नारळी पौर्णिमा
निम्मं पाणी काढून पेटी चौघांनी शाळेत नेली. झेंडावंदनानंतर पाहुणे वाकले, चष्मा पुसला, परत वाकले. "मासा कुठाय?" मी छाती काढून सांगितलं, "वाळूखाली आहे साहेब, तशी सवयच असते त्याची." पाहुणे बराच वेळ वाळू बघत उभे. मग म्हणाले, "सुंदर!" टाळ्या. हेडमास्तरांना दरदरून घाम.
बंदरावर नारळ वाहायला दरवर्षी आबा आणि मी बरोबर जातो. यंदा काठी टेकत एकटेच गेले. फार लागलं मनाला.

ता. १६
पेटी परत पडवीत. आबा बोलले! "शाळेत सांगतंस, मासो रेंवेत आसा. घरात सांगतंस, बापाशीच्या पोटात आसा. एक काय ता ठरव."
काय ठरवू? लेपो सापडला तर मी बापावर खोटा आळ घेतला. नाही सापडला तर आबा... दोन्हीकडून मेलोच मी.

ता. १९, रवि.
पाण्याला वास मारतोय. वाळू बदलल्याशिवाय सुटका नाही. नवी आणली, धुतली. जुनी एका कडेपासून वाटीने उपसायला घेतली. आबा पाट घेऊन शेजारी येऊन बसले. अर्धी काढली, काही नाही. अजून काढली, काही नाही. कोपऱ्यात ताटलीएवढी उरली आणि माझा हात थांबला. आबांकडे बघायचा धीर होईना.
"ऱ्हवांदे तेवढी," आबा म्हणाले.
म्हणजे? विचारलं नाही. राहू दिली. नवी वाळू तिच्याभोवती पसरली.

ता. २१
पाणी निवळलं. आबांनी आपणहून जवळ्याचा डबा मागितला, भिजवून चिमूटभर त्या कोपऱ्यावर सोडला. मला उगाचच भरून आलं. तोंड धुवायला विहिरीवर गेलो. परत येऊन बघतो तर कोपऱ्यावर जवळा नाही.
आबा अंगणात चूळ भरत होते.