एकाच तारखेचे एकोणीस जण

ती. थोरल्या आत्यास,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकले, टेबलाची कड कपाळाला लागली.) तुझे ऐंशी वर्षांचे गुडघे काय म्हणतात? पत्र वाचून दाखवणाऱ्या शिंपीकाकांनाही नमस्कार. काका, मागच्या पत्रातलं जे पटलं नाही ते तुम्ही गाळलंत, असं कानावर आलं. या वेळी सगळं वाचा, कारण माझी नोकरी जायची वेळ आली आहे.

वर्तमानपत्रात मी नेमकं काय करते, असं तू विचारलं होतंस. आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, वीतभर चौकट असते. या तारखेला पूर्वी कुठे लढाई झाली, कुठला पूल उघडला, कोण जन्मलं, कोण गेलं, ते त्यात येतं. ती चौकट माझी. दोन पुरावे मिळाल्याशिवाय मी एक ओळही छापायला देत नाही. परवा त्यापायी एक अख्खं युद्ध वगळावं लागलं. (उपसंपादक म्हणाले, "बाई, एवढी माणसं मेली, तरी तुला दुसरा साक्षीदार हवाच!")

तर आजची, एक जूनची चौकट. जिल्ह्यातल्या नामवंतांच्या जन्मतारखांची वही काढली, तर या एकाच दिवशी एकोणीस जण जन्मलेले! दोन पहिलवान, एक भूमितीचे प्राध्यापक, माजी नगराध्यक्ष, असे. आत्या, तू जन्मभर सुईणपण केलंस; एवढ्या बायका एका दिवशी बाळंत होत असत्या तर तू जेवली कधी असतीस? मग डोक्यात उजेड पडला. एक जूनला शाळा उघडायची. मूल दारात दिसलं की हेडमास्तर त्याच दिवसाची तारीख टाकायचे, वर्ष तेवढं सहाने मागे. माझंही तेच. आपल्या घरातून शाळेत गेलेलं पहिलं पोर मी. तारीख सांगणार कोण?

मला राहवेना. चौकटीच्या तळाशी मी एक ओळ घातली, की या तारखा शाळेच्या दाखल्यांवरून घेतल्या आहेत, माणसं त्याच दिवशी जन्मली असतील असं नाही.

नऊला माजी नगराध्यक्षांचा फोन. त्यांच्या वाढदिवसाची जाहिरात नेमकी चौकटीला खेटून. "मी जन्मलोच नाही म्हणतेस?" मी म्हणाले, "जन्मलात साहेब, तारखेचा तेवढा प्रश्न आहे." (हे मनात ठेवायला हवं होतं.) दुपारी थोरला पहिलवान स्वतः आला. ओरडला असता तर बरं. तो खुर्चीत बसून रडला. म्हणाला, "चाळीस वर्षं बायको आजच्या दिवशी गोड करते. ते मी कोणाच्या वाटचं खाल्लं?" मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

तीनला संपादकांनी आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर केक, केकात सुरी तशीच रुतलेली. तेही एक जूनचेच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "उद्या खुलासा छाप: सर्व तारखा तपासल्या, बरोबर आहेत, चूक माझी. नाहीतर परवापासून येऊ नकोस." मी हो म्हणाले आणि तेव्हापासून कोऱ्या कागदासमोर बसले आहे. न तपासता तपासल्या असं लिहू कसं? आणि नाही लिहिलं तर बाबांना काय सांगू? त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलंय की पेपर मीच लिहिते.

तुझी भाची
(जन्मतारीख अनिश्चित)

ता. क. खरं मागणं हे. माझ्या जन्माच्या वेळी तूच होतीस. पेरणी चालली होती की कापणी, ऊन होतं की थंडी, आठवेल ते कळव. उत्तर उद्यापर्यंत येणार नाही, हे मला कळतं. पण नोकरी जाणारच असेल तर निदान एक तरी तारीख खरी ठाऊक असावी. (काका, तिच्या वतीने अंदाज करू नका.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तोच संपादक मागे उभे. एवढं लांबलचक कोणाला, म्हणाले. सांगितलं, सुईण आत्याला, माझी जन्मतारीख विचारायला. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, तो खुलासा आठवडाभर थांबव. त्यांचं गाव तुझ्या सासरपासून दोन कोसांवर. ते जन्मले त्या दिवशी गावात पहिली मोटार आली होती आणि सुईण त्यांना अर्ध्यात टाकून ती बघायला पळाली होती, असं त्यांची आई सांगायची. ती तूच का, असं विचारलंय. राग नाही म्हणाले, तारीख तेवढी हवी आहे.